न कापलेली टेप

विनी थॉर्नबरला तिचं स्वतःचं काम एकदा, फक्त एकदा, दाखवायचं एवढंच मला करायचं होतं. त्यासाठी मी तीन वर्षं लोकांच्या नाकदुऱ्या काढल्या. आज इतका काळ लोटला, तरी त्या फॉर्मचा गुलाबी रंग आठवला की माझं डोकं फिरतं. माझा नवरा म्हणतो, "एव्हरिल, सोड आता." त्याला काय जातंय म्हणायला! तो गॅस बोर्डात होता. तिथे गॅस एकदा जळला की जळला, परत बघायला कोणी मागत नाही.

मी उत्तर इंग्लंडात, प्रेस्टनला रिबलडेल टेलिव्हिजनमध्ये प्रॉडक्शन असिस्टंट होते. त्या काळी आमच्याकडे वर्षाला सहा नाटकं व्हायची. टेलिव्हिजनचं नाटक म्हणजे तीन आठवडे एखाद्या चर्चच्या गार हॉलमध्ये तालीम, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी आखलेल्या भिंती आणि दारं, आणि मग स्टुडिओत दोन दिवस. पहिला दिवस कॅमेऱ्यांचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. जे काही भलंबुरं व्हायचं ते त्या दुसऱ्या दिवशी. लोक एका गुरुवारी बघायचे, शुक्रवारी बसमध्ये त्यावर बोलायचे, शनिवारी फुटबॉल सुरू झाला की विसरायचे. आम्हीही पुढच्या नाटकाच्या मागे लागायचो.

एकाहत्तरच्या जानेवारीत आम्ही 'चौथा माग' केलं. कापडगिरणीच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. दिग्दर्शक ग्विलिम प्रॉसर. हा वेल्सचा, रागीट, लाघवी, आणि दिवसाला चाळीस सिगारेटी ओढणारा. मुख्य विणकरणीच्या कामासाठी त्याने लंडनच्या पाच नट्या बघितल्या आणि पाचही जणींना घरी पाठवलं.

"यांचे हात बघ," तो मला म्हणाला. "यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही, आणि या चार-चार माग चालवणार!"

मग कोणीतरी त्याला ॲक्रिंग्टनच्या एका कामगार क्लबात घेऊन गेलं. तिथे विनी थॉर्नबर नवऱ्याची टोपी घालून, कवळी काढून, सासूचे विनोद सांगत होती. वय एकसष्ट. चौदाव्या वर्षापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत नेल्सन गावच्या गिरणीत माग, आणि गिरणी बंद पडल्यावर क्लबांत विनोद. पोस्टरवर तिचं नाव 'विनीमावशी' असं छापलेलं असायचं, त्यामुळे आमचा सगळा लँकशर परगणा तिला मावशीच म्हणायचं. मीही.

विनोद संपल्यावर तिने मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारल्या, आवाज न काढता. गिरणीतल्या बायकांची ती ओठांची बोली. मागांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तोंड मोठ्ठं हलवून, भुवया वर-खाली करून बोलायचं. शंभर मागांपलीकडच्या बाईच्या नवऱ्याने काल काय दिवे लावले ते सगळ्या शेडला बसल्या जागी कळायचं. ग्विलिमने ते बघितलं आणि ग्लास तसाच ठेवून तो तिच्यापाशी गेला.

"बाई, तुम्ही माझ्या नाटकात काम कराल का?"

"कवळी घालून की काढून?" विनीमावशीने विचारलं.

नाटकात शेवटचा एक प्रसंग होता. मुलाचं कॅनडाहून पत्र आलेलं असतं, तो परत येणार नाही. ही ते चार मागांपलीकडच्या मैत्रिणीला ओठांनी सांगते. सांगता सांगता एकेक माग कायमचा बंद होत जातो. आवाज कमी कमी होतो, शेवटी शेड गप्प. आता मोठ्याने बोलता येईल, पण ही बोलत नाही. ओठांनीच सांगत राहते. नऊ मिनिटं, एक कॅमेरा, एक चेहरा. नऊ मिनिटं एकही शब्द नाही, हे ऐकून जाहिरात विभागाच्या पोटात गोळा आला होता.

आता टेपचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. तेव्हाची टेप दोन इंच रुंद. रीळ उचललं की कमरेत उसण भरायची, आणि कंपनीला ती रिळं सोन्याहून प्यारी. संकलन करायचं तर टेप पात्याने कापून चिकटवायची. एकदा कापली की तिथे चित्र उडी मारणार, म्हणून जुनं पुसून तिच्यावर नवं भरता यायचं नाही. त्यामुळे कापायचं म्हटलं की साहेबलोकांना आपला अंगठा कापल्यासारखं व्हायचं. एका नाटकाला चार काप मंजूर. पाचवा हवा असेल तर आमचे मोठे साहेब मिस्टर काउडरींची सही, आणि मिस्टर काउडरींची सही मिळवण्यापेक्षा राणीची भेट सोपी.

'चौथा माग'च्या मधल्या भागात भिंतीवरून मायक्रोफोनची सावली सरकली. ग्विलिमने डोक्याला हात लावला. "परत घेऊ या. कापू आणि जोडू."

"कशाला?" मी म्हणाले. "सावली कोण बघतंय? पुढचा प्रसंग मावशीचा आहे. तिला आता थांबवलंस तर तिची लय जाईल."

त्याने माझं ऐकलं. असं वर्षातून एकदा व्हायचं. नाटक जाहिरातींच्या जागा सोडून सलग रेकॉर्ड झालं. एकही काप नाही. मशीन रूमच्या लोकांनी येऊन मला शाबासकी दिली, आणि मी महिनाभर त्या तोऱ्यात वावरत होते.

मार्चमध्ये एका गुरुवारी नाटक लागलं. आणि विनीमावशीने ते बघितलं नाही.

तिचं त्या संध्याकाळी बॅरोच्या एका क्लबात बुकिंग होतं. आमच्याकडे तारीख ठरली तीन आठवडे आधी, आणि क्लबाने तिला वर्षभर आधी घेतलेलं. मी फोनवर गयावया केली. "मावशी, एक कार्यक्रम चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"कोसळेल," ती म्हणाली. "एकदा बुकिंग मोडलं की त्यांचा सेक्रेटरी दुसऱ्या क्लबाच्या सेक्रेटरीला सांगतो, तो तिसऱ्याला. तुमचं टेलिव्हिजन एका गुरुवारचं. मला बाकीचे गुरुवार काढायचेत."

"पुन्हा दाखवतील तेव्हा बघ मग," मी म्हणाले. "चांगली नाटकं ऑगस्टमध्ये पुन्हा दाखवतातच. माझा शब्द." हा असा शब्द द्यायला कोणी सांगितलं होतं मला?

अख्ख्या गल्लीने नाटक बघितलं, हिला सोडून. दुसऱ्या दिवशी लोक येऊन हिचा हात हातात घेऊन रडले म्हणे. ते सगळं हिने गोड मानून घेतलं असतं, पण शेजारची आयव्ही म्हणाली, "विनी, तुझा चेहरा केवढा मोठा दिसत होता गं! मला तर बाई हसूच येत होतं." बस. तेवढं एक वाक्य हिच्या मनात घर करून बसलं. चाळीस जण रडले ते गेलं वाऱ्यावर.

ग्विलिमने तिला लगेच दुसरं काम देऊ केलं. तिने नकार दिला.

"मी काय केलंय ते मलाच माहीत नाही," ती मला म्हणाली. आम्ही नेल्सनच्या बस स्टँडवरच्या कॅफेत बसलो होतो. तिने बशीत चहा ओतला. "क्लबात मी बोलते, लोक हसतात, मला तिथल्या तिथे कळतं. हसले नाहीत तर तेही कळतं, ग्लासं वाजायला लागतात. तुमच्याकडे काय? एक डबा समोर उभा. तो हसत नाही की रडत नाही. मी त्या डब्यासमोर तोंड वेडंवाकडं केलं, आणि ते लाखो लोकांनी बघितलं. आयव्ही हसली. खरं कोण बोलतंय, सांग ना."

"रडले ते खरं बोलतायत."

"तू माझ्या बाजूची आहेस, तुझं काय घेऊन बसलीस! मी स्वतः बघेन. चांगली असेन तर ग्विलिम सांगेल ते करीन, सासूचे विनोद सोडून देईन. कंटाळा आलाय मला सासूचा. माझी सासू बिचारी चांगली होती गं. आणि वाईट असेन तर मरेपर्यंत कवळी काढीन. पण बघितल्याशिवाय नाही."

तेव्हा घरी टेप करायची मशीन कोणाकडे होती? एकदा सुटलं की सुटलं. मला दिलेला शब्द पाळायचा होता.

ऑगस्टमध्ये नाटक पुन्हा लागणार होतं, तर क्रिकेटचा सामना लांबला आणि नाटक काढून टाकलं. पुढच्या फेब्रुवारीत लागणार, तर कोळसा खाणींचा संप आणि वीज बंद. नेमका नेल्सनचाच भाग अंधारात होता, म्हणून मी देवाचे आभार मानले की ते तेव्हाही रद्द झालं. त्यानंतर मी कार्यक्रम-नियोजनाच्या मिसेस बॅम्बरकडे जायला लागले. दर महिन्याला जायचे. तिच्या टेबलावर तेच कॅक्टस, तेच हसू.

"एव्हरिल, बाई, ते काळंपांढरं आहे ना."

होतं खरं. त्या जानेवारीत तंत्रज्ञांचा आणि कंपन्यांचा रंगीत कामाच्या पगारावरून वाद चालला होता. ते रंगीत काम करायला तयार नव्हते, म्हणून महिनोन्‌महिने सगळं काळ्यापांढऱ्यात व्हायचं. वाद मिटल्यावर लोकांनी रंगीत टीव्ही संच घेतले, आणि मग काळंपांढरं म्हटलं की मिसेस बॅम्बर नाक मुरडायची.

"गिरणी काळीपांढरीच असते," मी म्हणाले. "सूत पांढरं, भिंती काळ्या. रंग कुठून आणू?"

"प्रेक्षकांनी संचाचे पैसे रंगासाठी मोजलेत गं."

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये तिने मला विजयाने सांगितलं की आता विषयच मिटला. नटांच्या संघटनेशी झालेल्या कराराप्रमाणे दोन वर्षांत नाटक पुन्हा दाखवता येतं. दोन वर्षं उलटली. आता दाखवायचं तर सगळ्यांशी नव्याने करार, नव्याने सह्या. म्हणजे कधीच नाही. हे सांगताना तिने कॅक्टसला पाणी घातलं. मला त्या कुंडीसकट तिला खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात ग्विलिम माझ्याकडे आला. तो तोवर आमची कंपनी सोडून गेला होता, फिल्मवर नाटकं करत होता, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या घरांत. त्याच्याकडे दीड तासाची गोष्ट होती. एक म्हातारी बाई बंद गिरणी विकत घ्यायला निघते.

"विनीशिवाय मी हे करणार नाही," तो म्हणाला. "पण पैसे लावणाऱ्यांना पुढच्या शुक्रवारपर्यंत नाव हवंय. ती नाही म्हणाली तर ते लंडनची कोणीतरी माझ्या गळ्यात मारतील. मी फोन केला. ती म्हणते, 'आधी बघेन.' एव्हरिल, राणी, तिला ते एकदा दाखव. हवं तर चोरून दाखव."

चोरून! दोन इंची टेप काय पिशवीत घालून न्यायची होती? आणि ती चालवायची मशीन खोलीएवढी. सरळ मार्ग एकच होता, व्ह्यूइंग रूम. तिथे मिस्टर काउडरींच्या परवानगीने टेप लावून बघता यायची. पण बाहेरच्या माणसाला दाखवायला बंदी, आणि नाटकात मुख्य काम केलेली बाई कंपनीच्या लेखी बाहेरची. मी काउडरींच्या दारात दोन तास बसले. ते बाहेर आले, मला बघून परत आत गेले. मी बसूनच राहिले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मिसेस एन्टविसल, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"पन्नास मिनिटं, सर. मंगळवारी सकाळी. तेव्हा मशीन रिकामंच असतं, ऑपरेटर कोडी सोडवत बसलेला असतो."

"फॉर्म भरा," ते म्हणाले.

गुलाबी फॉर्म, तीन प्रती, खाली कार्बन. कार्यक्रमाचं नाव, टेप क्रमांक, कारण. कारण काय लिहू? 'एका बाईला कळायला हवं की ती चांगली आहे की वाईट' असं लिहिलं असतं तर काउडरींनी मलाच बाहेर काढलं असतं. मी लिहिलं, 'कलाकाराची पुढील कामासाठी पाहणी.' खाली एक रकाना होता, 'टेपची स्थिती'. हा रकाना कोणी भरत नसे, एक आडवी रेघ मारत. पण मला वाटलं, काउडरींना ही टेप किती नीट आहे हे कळू दे, आमच्या कामाची किंमत कळू दे. मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'उत्तम. सलग रेकॉर्डिंग. एकही काप नाही.'

सही झाली! मला खरं वाटेना. मी नेल्सनला फोन केला. मावशीच्या घरी फोन नव्हता, आयव्हीकडे होता. आयव्हीने खिडकीतून हाक मारून तिला बोलावलं.

"मंगळवारी अकरा वाजता," मी म्हणाले. "मावशी, तू स्वतःला बघणार आहेस."

मग ती म्हणाली, "काय घालून येऊ?"

मंगळवारी ती आली. निळा कोट, चर्चची हॅट, हातमोजे. रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं. पिशवीतून तिने डबा काढला. हॅमची सँडविच, आणि मशीनवाल्या माणसासाठी घरी केलेला फ्रूट केक. आमच्या कंपनीत मशीनवाल्याला कोणी पाणीही विचारत नसे. तो पोरगा लाजून लाल झाला.

आम्ही दोघी खुर्च्यांवर बसलो. तिने हातमोजे काढले, परत घातले, परत काढले.

"एव्हरिल, वाईट असेन तर मध्येच बंद कर म्हणेन हां."

"बंद करायला तू सांगणारच नाहीस."

मशीन घरघरलं. पडदा उजळला. एक वाद्यवृंद, मोठा चकचकीत हॉल, आणि पांढऱ्या झग्यातल्या बारा बायका बारा पुरुषांबरोबर रांगेत गिरक्या घेत होत्या. रंगीत. नारिंगी पडदे, निळे दिवे, सगळं कसं झगमगीत.

"हे आधी असतं का?" मावशीने कुजबुजत विचारलं.

टेप कधी कधी मागेपुढे लागते, मी स्वतःला समजावलं. मी मशीनवाल्याला खूण केली, त्याने टेप पुढे पळवली. गिरक्याच. आणखी पुढे. एक माणूस ट्रॉफी देत होता. शेवटपर्यंत गिरक्या.

"छान नाचतात पण," मावशी म्हणाली. "आपलं कधी येणार?"

"आलेच मी," असं म्हणून मी बाहेर धावले. टेप लायब्ररीच्या मिस्टर स्टॅन्सफील्डसमोर मी अक्षरशः ओरडले, "दोन हजार दोनशे सतरा! माझी टेप! तिच्यावर नाच का आहे?"

ते सज्जन, सावकाश गृहस्थ. चष्मा पुसला, कार्ड काढलं. "कार्डावर तर 'चौथा माग' आहे."

"टेपवर नाच आहे!"

"मग स्टोअरने पुसली असेल. कार्डं आम्ही महिनाअखेरीला बदलतो." त्यांनी स्टोअरला फोन लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. ते 'हो, हो' करत राहिले, मग फोन ठेवला आणि हळूच म्हणाले, "मिसेस एन्टविसल, फॉर्मची तिसरी प्रत स्टोअरला जाते, ठाऊक आहे ना?"

"का?"

"टेप बाहेर निघणार असेल तर त्यांच्या नोंदीसाठी. गेल्या आठवड्यात ब्लॅकपूलच्या नृत्यस्पर्धेसाठी त्यांना चांगली टेप हवी होती, आणि कोरी एकही शिल्लक नव्हती. तुमची प्रत त्यांच्या हातात पडली. दाखवण्याचे हक्क संपलेले. आणि तुम्ही स्वतःच लिहिलेलं की एकही काप नाही."

"पण मी बघायला मागितली होती! बघायला!"

"त्यांनी वाटतं वरचं वाचलं नाही. स्थितीचाच रकाना बघितला." त्यांनी मागच्या कपाटाकडे हात केला. "त्या बघा, कापलेल्या. कुत्री पाळण्यावरचा कार्यक्रम, अकरा काप. नाताळची ती विनोदी मालिका, जिला कोणी हसलं नाही, नऊ काप. त्यांना कोण हात लावतंय? तशाच पडून राहणार. तुमची चांगली होती म्हणून गेली."

तीन वर्षं ती टेप कपाटाच्या मागच्या रांगेत सुखाने पडली होती. कोणालाही तिची आठवण नव्हती. मी आठवण करून दिली. सावलीचा तो एक काप मी ग्विलिमला मारू दिला असता, तर ती वाचली असती. फॉर्मवर सगळ्यांसारखी आडवी रेघ मारली असती, तरी वाचली असती. मी शहाणी! मला शाबासकी हवी होती. मला त्या क्षणी कोणाचा तरी गळा धरायचा होता, आणि माझ्याशिवाय कोणाचा धरावा ते कळत नव्हतं.

व्ह्यूइंग रूममध्ये परत गेले तेव्हा मावशी मशीनवाल्या पोराला केकचा दुसरा तुकडा देत होती. माझं तोंड बघून तिने डबा बंद केला.

"नाहीये ना?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. फॉर्म, तिसरी प्रत, सगळं. मधलं काही गाळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचाही राग येत होता. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे ते कुठेच नाही?"

"कुठेच नाही, मावशी."

तिने हॅट काढून मांडीवर ठेवली. आत कोणीतरी नाचाची टेप मागे गुंडाळत होतं, त्याचा सूं सूं आवाज येत होता.

"मग तूच सांग," ती म्हणाली. "आता खरंखरं सांग, एव्हरिल. त्या शेवटच्या प्रसंगाच्या वेळी तू तिथे होतीस. तुझ्यासमोर पडदा होता. मी कशी होते?"

'अप्रतिम' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. ग्विलिम तो म्हणाला होता, कॅमेरावाले म्हणाले होते, वर्तमानपत्रातही आला होता. मला फक्त तो उच्चारायचा होता, आणि शुक्रवारी ती हो म्हणाली असती. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं कधी काळी मागांपलीकडच्या बाईकडे बघत असेल. मला खोटं बोलता आलं नाही.

"मी बघितलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मावशी, माझी जागा कंट्रोल रूममध्ये, ग्विलिमच्या शेजारी. समोर पडदे असतात, पण माझे डोळे संहितेवर आणि घड्याळावर. दर अर्ध्या मिनिटाला वेळ सांगायची. जाहिरातीची जागा चुकली तर सगळंच पुन्हा. तुझा प्रसंग लांबू नये म्हणून मी पूर्ण वेळ काट्याकडे बघत होते. मान वर केलीच नाही. मग एकही काप नव्हता, म्हणून संकलनाला बसावं लागलं नाही. आणि ते लागलं त्या गुरुवारी मी दुसऱ्या स्टुडिओत होते, स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला." मी डोळे पुसले. "तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, किती सुंदर आहे म्हणून. मीही बघितलेलं नाही."

मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. पण तिने उठून डबा पिशवीत ठेवला, आरशात न बघता हॅट घातली आणि एकेक बोट नीट आत सरकवत हातमोजे चढवले.

"आयव्हीने बघितलं होतं," ती म्हणाली.

मी तिला बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. तिला त्या दिवशी बर्नलीला बुकिंग होतं. बस येईपर्यंत ती मला माझ्या मुलीच्या शाळेचं विचारत होती. गुरुवारी तिने ग्विलिमला नाही म्हणून कळवलं.